वाचकांचे प्रश्न : मोजणीची यंत्रे आणि त्यांच्यातील फरक

या महिन्यात आलेल्या पत्रांत नाशिक शहर आणि जिल्ह्यातील मोजणीदार, ठेकेदार आणि शेतकरी यांची पत्रे अधिक आहेत. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे तिपायावरचे यंत्र), जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा सांगणारे पोलवरचे यंत्र), लेव्हल (उंचीतील फरक मोजणारी दुर्बीण) आणि मोबाइल यांपैकी कोणावर किती भरवसा ठेवावा, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे भागीदार खासगी मोजणीचे काम करतो. आमच्याकडे पाच सेकंदांचे (म्हणजे कोन पाच सेकंदांपर्यंत अचूक देणारे; सेकंद हा अंशाचा ३६०० वा भाग) टोटल स्टेशन आहे. रोव्हर विकत घेण्यापूर्वी चाचणीसाठी मागवला आणि एका मोठ्या ले-आउटच्या कडेची रेषा दोन्ही यंत्रांनी मोजली. टोटल स्टेशनने १०४६.३८ मीटर दाखवले, रोव्हरने १०४६.१३ मीटर. खुणा त्याच, दुपारही तीच, तरी २५ सेंटिमीटरचा फरक पडला. टोटल स्टेशनमधील तापमान आणि दाब आम्ही कधी बदललेला नाही. कोणते यंत्र चुकते आहे? रोव्हर घेतल्यावर टोटल स्टेशन विकून टाकावे काय? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील आकडे पाहता दोन्ही यंत्रे ठीक आहेत. त्यांनी दोन वेगळी अंतरे मोजली आहेत, एवढेच.

टोटल स्टेशन जमिनीवरचे आडवे अंतर देते. रोव्हरच्या कंट्रोलरवर (हातातील पडद्यावर) जे अंतर दिसते, ते बहुतेक वेळा निर्देशांकांवरून काढलेले, म्हणजे नकाशाच्या जाळीवरचे असते. नाशिक यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येते आणि त्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना मध्यरेषेवरचे अंतर ०.९९९६ पटीने लहान केले जाते आणि मध्यरेषेपासून दूर जावे तसतशी ही घट कमी होत जाते. गंगापूर रोड मध्यरेषेच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटर असल्यामुळे तेथे जाळीचा गुणक ०.९९९८ च्या आसपास येतो. त्यात शहराच्या उंचीमुळे होणारी घट मिळवावी लागते, कारण जाळीवरचे अंतर आधी पृथ्वीच्या गणिती पृष्ठावर उतरवून मग काढलेले असते. दोन्ही मिळून किलोमीटरमागे २७ ते २८ सेंटिमीटर कमी दिसतात. आपल्या रेषेवर हा फरक २९ सेंटिमीटरच्या जवळपास जातो.

मग आपल्याला २५ च का दिसले? उरलेले चार सेंटिमीटर आपल्या टोटल स्टेशनचे आहेत. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच यंत्रांत हवेचे तापमान १५ अंश आणि दाब १०१३ हेक्टोपास्कल धरलेला असतो. नाशकात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर, उन्हाळ्याच्या दुपारी तापमान ४० अंश आणि दाब ९४० च्या घरात असतो. विरळ हवेत प्रकाश किंचित वेगाने जातो आणि यंत्र अंतर कमी वाचते. ही चूक सुमारे ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग), म्हणजे किलोमीटरला चार सेंटिमीटर भरते. तापमान आणि दाब नीट भरला असता तर टोटल स्टेशनने १०४६.४२ दाखवले असते आणि दोन यंत्रांतील फरक वाढून २९ सेंटिमीटर झाला असता. तो हिशोबाला धरून आहे, म्हणून काळजीचे कारण नाही.

उपाय सोपा आहे. ले-आउटचे प्लॉट, कंपाउंड किंवा रस्ता जागेवर आखून द्यायचा असेल, तर जमिनीवरचे अंतर धरावे. कंट्रोलरमध्ये त्यासाठी ‘ग्राउंड’ अंतराची सोय असते किंवा जागेभोवती पसरलेल्या किमान चार ज्ञात खुणांवर रोव्हरचे लोकलायझेशन (त्या खुणांवर माप बसवणे) करून घेता येते. त्या खुणा एकाच कोपऱ्यात दाटीने घेतल्या, तर दुसऱ्या टोकाला नकाशा फिरतो. काम निर्देशांकांच्या नकाशावर बसवायचे असेल, तर उलट टोटल स्टेशनलाच गुणक द्यावा. मात्र गंगापूर रोडचा गुणक सगळ्या जिल्ह्याला लावू नये. सिन्नर मध्यरेषेच्या अधिक जवळ आणि उंचावर असल्यामुळे तेथे किलोमीटरला ३५ सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो आणि येवल्याकडे तो ४० च्या पुढे जातो. क्षेत्रफळात ही घट दुपटीने उतरते, म्हणून गंगापूर रोडला एका हेक्टरमागे सुमारे साडेपाच चौरस मीटर कमी दिसतात. प्लॉटच्या भावाने विचार केला, तर ही रक्कम लहान नाही.

टोटल स्टेशन विकू नये. का, ते पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची बहुतेक कामे द्राक्षबागांतील आहेत. मोकळ्या रानात रोव्हर काही क्षणांत फिक्स होतो (अचूक जागा धरतो), पण मांडवाखाली शिरताच फ्लोटवर (अंदाजे जागेवर) जातो आणि कधी कधी फिक्स दाखवूनही दहा-पंधरा सेंटिमीटरने सरकलेला बिंदू देतो. टोटल स्टेशन लावावे तर वेलींच्या ओळींमुळे प्रिझम (यंत्राचा प्रकाश परत पाठवणारी काच) दिसत नाही. दोन सेकंदांचे महाग टोटल स्टेशन घ्यावे की उतरत्या किमतीचा दुसरा रोव्हर? ड्रोनचा काही उपयोग होईल काय? (दिंडोरी)

उत्तर : रोव्हरच्या पत्रकावर छापलेला ‘आडव्यात ८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम’ हा आकडा मोकळ्या आकाशाखालचा आहे. विक्रेता तो मोठ्या उत्साहाने सांगतो, पण मांडवाखाली तो लागू होत नाही. वेलींची पाने ओली असली की उपग्रहांचे संदेश आणखी क्षीण होतात. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा उपग्रहांचे संदेश परावर्तित करतात आणि यंत्र सरळ आलेल्या संदेशाऐवजी वळसा घालून आलेला संदेश वाचते. फिक्स दाखवूनही बिंदू सरकतो तो याच कारणाने, आणि हा प्रकार फ्लोटपेक्षा घातक आहे, कारण फ्लोट निदान पडद्यावर दिसतो. अशा जागी एकच बिंदू रोव्हर पूर्ण बंद करून, पुन्हा चालू करून, काही वेळाच्या अंतराने दुसऱ्यांदा घ्यावा. दोन्ही वाचने दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळली नाहीत तर त्या बिंदूवर रोव्हर वापरू नये. पोल तिरपा धरूनही मोजता येणारे रोव्हर अलीकडे मिळतात आणि बांधाच्या कोपऱ्यातील दगडाला ते सोयीचे पडतात, पण तिरपेपणामुळे आणखी दोन-एक सेंटिमीटर चूक मिसळते. शिवाय मांडवाखालचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

खरे काम दोन्ही यंत्रांच्या जोडीने होते. बागेबाहेर रस्त्यावर, मोकळ्या पट्ट्यात किंवा विहिरीजवळ रोव्हरने दोन कंट्रोल पॉइंट (आधाराचे बिंदू) घ्यावेत. एकावर टोटल स्टेशन लावून दुसऱ्यावर बॅकसाइट (दिशा धरण्यासाठीचे वाचन) घ्यावा आणि आत बाग मोजावी. हे दोन बिंदू किती लांब घ्यायचे, यावर सगळे काम अवलंबून असते आणि येथेच बहुतेक मंडळी घाई करतात. रोव्हरच्या प्रत्येक बिंदूत एक सेंटिमीटर चूक धरली, तर दोहोंमधली सापेक्ष चूक सुमारे १४ मिलिमीटर होते. बिंदूंमध्ये ४० मीटर अंतर असेल, तर दिशेत ७० सेकंदांहून अधिक फरक पडतो आणि २५० मीटरवरच्या बांधापर्यंत पोहोचताना तो जवळजवळ ९ सेंटिमीटर होतो. तेच बिंदू २०० मीटर लांब घेतले, तर त्याच बांधावर चूक दोन सेंटिमीटरच्या आत राहते. शक्य असेल तेथे तिसरा बिंदूही घ्यावा आणि टोटल स्टेशनने त्याची पडताळणी करावी.

या हिशोबात दोन सेकंदांच्या यंत्राची किंमत वसूल होत नाही. पाच सेकंदांची चूक २५० मीटरवर जेमतेम सहा मिलिमीटर होते. शेतीच्या मोजणीत प्रिझमचा पोल हलला, बबल (पोल सरळ आहे का, हे दाखवणारा बुडबुडा) बाहेर गेला किंवा मातीच्या ढेकळावर पोल टेकवला, तर त्याहून अधिक फरक पडतो. पूल, बोगदा किंवा कारखान्यातील यंत्रे बसवणे अशी कामे हाती असतील तरच दोन सेकंदांचे किंवा एक सेकंदाचे यंत्र घ्यावे. आपल्याकडे पैसे असतील तर चांगला तिपाया, नवा ट्रायब्रॅच (यंत्र तिपायावर बसवण्याची बैठक) आणि एक जादा प्रिझम पोल घ्यावा.

वेलींच्या आडोशाबाबत कामाची वेळ निवडता येते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर काही दिवस बाग उघडी असते आणि ओळींमधून प्रिझम बराच लांबवर दिसतो. हद्दीची कामे त्या दिवसांत धरावीत, असे बागाईतदारांना आधीच सांगून ठेवावे. तेही ऐकतात, कारण घड लागल्यावर बागेत तिपाया घेऊन फिरणारा माणूस त्यांनाही नको असतो.

ड्रोनने वरून पानेच दिसतात, त्यांच्याखालचा बांध किंवा दगड दिसत नाही. शिवाय जिल्ह्यात देवळालीचा लष्करी तळ आणि ओझरचे विमानतळ असल्यामुळे उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आपले शिवार कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते, हे पाहणे बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्या पाणी वापर संस्थेला चारीच्या तळाची दुरुस्ती करायची आहे. चारीचा उतार दोन हजाराला एक असा आहे. ठेकेदार म्हणतो की रोव्हरने एका दिवसात उंची काढून देतो. पण पुलाजवळच्या खुणेच्या दगडावर लिहिलेल्या उंचीपेक्षा त्याचा रोव्हर साठ मीटरच्या आसपास कमी दाखवतो. यंत्र बिघडले आहे काय? (ओझर)

उत्तर : बिघडलेले नाही. रोव्हर पृथ्वीच्या गणिती पृष्ठापासून उंची मोजतो आणि दगडावरचा आरएल (उंचीचा आकडा) सरासरी समुद्रसपाटीपासून काढलेला असतो. भारतात समुद्रसपाटीचे पृष्ठ त्या गणिती पृष्ठाच्या बरेच खाली आहे आणि आपल्या भागात हा फरक साठ मीटरच्या आसपासचा आहे. कंट्रोलरमध्ये योग्य जिऑइड मॉडेल (जागोजागच्या या फरकाचा तक्ता) घालून किंवा ज्ञात खुणेवर उंची बसवून तो काढून टाकता येतो.

तरीही आपल्या कामाला रोव्हर चालणार नाही. दोन हजाराला एक या उतारात तीस मीटरवर तळ फक्त १५ मिलिमीटर खाली जातो. रोव्हरची उंचीतील चूक उत्तम परिस्थितीतही तेवढीच असते आणि प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर होते. ठेकेदाराच्या कागदावर पाणी चढावर वाहताना दिसेल. टोटल स्टेशनही दुसऱ्या क्रमांकाचे, कारण यंत्राची उंची टेपने मोजण्यातच पाच मिलिमीटर जातात.

साधी ऑटो लेव्हल आणि ॲल्युमिनियमचा स्टाफ (आकडे छापलेली उभी पट्टी) घ्यावा. बॅकसाइट (मागच्या खुणेचे वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या खुणेचे वाचन) यांची अंतरे पावलांनी मोजून सारखी ठेवावीत, म्हणजे यंत्राच्या रेषेतील कल आपोआप वजा होतो. काम खुणेच्या दगडावरून सुरू करून त्याच दगडावर बंद करावे. किलोमीटरभराचे असे काम सवयीच्या माणसाकडून सहा-सात मिलिमीटरच्या आत बंद होते, म्हणजे परत येताना उंचीत एवढाच फरक राहतो. बारकोडच्या स्टाफवर चालणारी डिजिटल लेव्हल याहून सूक्ष्म असते, पण चारीसाठी तो खर्च करू नये.

प्रश्न : पदविका पूर्ण करून मी स्वतंत्र काम सुरू करतो आहे. एक जुने टोटल स्टेशन स्वस्तात मिळत आहे. विक्रेता फक्त कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र दाखवतो. मी स्वतः काय तपासावे? (नाशिक रोड)

उत्तर : प्रमाणपत्र पाहावे, पण त्यावरील तारखेनंतर ते यंत्र मोटारसायकलवर किती हिंडले, हे कागदावर येत नाही. एक सकाळ मागून घ्यावी आणि मोकळ्या मैदानावर तीन तपासण्या कराव्यात.

पहिली तपासणी दोन फेसची. शंभर-दीडशे मीटरवरच्या स्पष्ट खुणेवर फेस लेफ्टने (दुर्बीण नेहमीच्या बाजूने ठेवून) आणि नंतर दुर्बीण उलटवून फेस राइटने कोन वाचावा. आडव्या कोनात बरोबर १८० अंशांचा फरक यावा आणि उभ्या कोनांची बेरीज ३६० अंश व्हावी. दहा-वीस सेकंदांचा फरक यंत्रातील दुरुस्तीच्या सोयीने निघून जातो. तो दर वेळी वेगळा येत असेल, तर आत काहीतरी सैल आहे, असे यंत्र घेऊ नये.

दुसरी तपासणी अंतराची. एका सरळ रेषेत तीन खुणा कराव्यात. पहिलीपासून दुसरीपर्यंत, दुसरीपासून तिसरीपर्यंत आणि पहिलीपासून थेट तिसरीपर्यंत अंतर घ्यावे. पहिल्या दोन अंतरांची बेरीज तिसऱ्यापेक्षा जेवढी अधिक किंवा उणी येईल, तेवढी स्थिर चूक प्रत्येक अंतरात आहे, असे समजावे. ती बहुधा यंत्राची नसून प्रिझमची असते. प्रिझम कॉन्स्टंटचे (प्रिझमसाठी अंतरात करायच्या ठरावीक दुरुस्तीचे) घोटाळे या धंद्यात फार होतात, कारण कंपन्यांचे मोजायचे आरंभबिंदू वेगळे आहेत. लायकाचा जो गोल प्रिझम त्यांच्या यंत्रात शून्य धरला जातो, तोच इतर बहुतेक यंत्रांत उणे ३४.४ मिलिमीटर धरावा लागतो. बाजारात उणे ३० चे आणि शून्याचे प्रिझम दिसायला सारखेच असतात. चुकीचा आकडा भरला तर अंतर दहा मीटर असो वा हजार, प्रत्येक वाचनात तीन सेंटिमीटर चूक येते आणि ती सगळीकडे सारखी असल्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. यंत्रासोबत प्रिझम मिळत असेल, तर त्याचा कॉन्स्टंट याच चाचणीने काढून पोलवर ठळक अक्षरांत रंगवून ठेवावा.

तिसरी तपासणी प्लमेटची (यंत्र खुणेच्या बरोबर वर आहे का, हे दाखवणाऱ्या साधनाची). यंत्र लेव्हल करून खालच्या खुणेवर आणावे आणि वरचा भाग अर्धा फेरा फिरवावा. ठिपका खुणेवरून सरकला, तर जेवढा सरकला त्याच्या निम्मी चूक सेंटरिंगमध्ये आहे.

बॅटरी दिवसभर टिकते काय आणि नाशकात किंवा निदान पुण्या-मुंबईत त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात काय, हेही विचारावे. ज्याचे सुटे भागच मिळत नाहीत ते यंत्र स्वस्तातही महाग पडते.

प्रश्न : इगतपुरीच्या डोंगराळ भागात कॉर्सवर (कायम चालू असणाऱ्या केंद्रांच्या आधारावर) रोव्हर चालवताना मोबाइलला रेंजच मिळत नाही. काय करावे? (घोटी)

उत्तर : भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स केंद्रे राज्यात ७७ ठिकाणी आहेत आणि त्यांची दुरुस्ती इंटरनेटवरून येते, त्यामुळे रेंज नसेल तर रोव्हर एकटा पडतो. अशा शिवारात स्वतःचा बेस (एका जागी स्थिर ठेवलेला दुसरा रिसीव्हर) आणि रेडिओ लागतो. रेडिओला समोरासमोर नजर हवी, म्हणून बेस खिंडीत न लावता माथ्यावर लावावा. बेसपासून दहा किलोमीटरवर सुमारे एक सेंटिमीटर चूक वाढते, पण डोंगरात रेडिओ त्याआधीच तुटतो. बेस अनोळखी बिंदूवर लावून फक्त ‘हिअर’ (आहे तीच जागा धरण्याचे बटण) दाबला, तर सगळे काम एक-दोन मीटरने सरकते. ते आपापसांत जुळते, पण दुसऱ्या दिवशीच्या कामाशी जुळत नाही. म्हणून बेसची खूण पक्की करावी, त्या बिंदूवरचे कच्चे वाचन दोन-तीन तास साठवावे आणि रेंजमध्ये आल्यावर जवळच्या कॉर्स केंद्राच्या आधारे त्याची खरी जागा काढून सर्व बिंदू त्या फरकाने सरकवून घ्यावेत.

प्रश्न : आम्हा भावांत वाटणी झाली आहे. माझ्या हिश्श्याचे क्षेत्र सातबाऱ्यावर ०.२० हेक्टर आहे. थोरल्या भावाने मोबाइलवर ॲप घेऊन बांधावरून फेरी मारली, तेव्हा १८ गुंठे भरले. दोन गुंठे कोठे गेले? टोटल स्टेशनवाला खासगी माणूस आणून मोजून घ्यावे काय? (निफाड)

उत्तर : पहिली गोष्ट, सातबाऱ्यावरचे ०.२० हेक्टर म्हणजे २० आर (एक आर १०० चौरस मीटरचा). एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून २० आर म्हणजे १९.७७ गुंठे. पाव गुंठ्याचा फरक येथेच निघतो.

उरलेला फरक मोबाइलचा. मोबाइलची जागा उघड्या रानातही तीन ते पाच मीटरने चुकते. आपला तुकडा साधारण ४५ मीटर बाजूचा धरला, तर कोपरे तीन मीटरने इकडेतिकडे गेल्यास क्षेत्रात दीड-दोन गुंठ्यांची चूक सहज येते. त्याच ॲपने भावाने पुन्हा फेरी मारली, तर कदाचित २१ गुंठे भरतील. पाच-दहा एकरांच्या रानात औषध किती लागेल याचा अंदाज घ्यायला हे ॲप ठीक आहे. भावाभावांत वाद लावायला ते वापरू नये.

खासगी माणसाने टोटल स्टेशनने मोजले, तर आज वहिवाटीत असलेल्या बांधांचे क्षेत्र अचूक कळेल. पण आपले बांध मूळ नोंदीप्रमाणे आहेत की सरकलेले आहेत, हे त्यावरून कळत नाही आणि त्या नकाशाला हद्दीच्या वादात सरकारी मोजणीचे स्थान नाही. जुन्या टिपणांवरील (मूळ मोजणीच्या नोंदींवरील) अंतरे ३३ फुटी साखळीने मोजलेली आहेत. साखळीचे सोळा आणे असत, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटरचा. ज्या नोंदीचे मापच एवढे जाड आहे, तिच्यावरून दोन सेंटिमीटरच्या अचूकतेने बांध ठरवता येत नाही, मग हातात कोणतेही यंत्र असो. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) जुने दगड, विहिरी, शेजारच्या गटांचे न हललेले बांध पाहून टिपण जागेवर बसवतो आणि मग हद्द दाखवतो.

आपण निफाडच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज ई-मोजणीवरूनही भरता येतो. लगतच्या सर्व खातेदारांची नावे आणि पत्ते नीट द्यावेत, कारण त्यांना नोटीस गेली नाही तर पुढे मोजणीवर हरकत येते. मोजणीच्या दिवशी दोघा भावांनी हजर राहावे, दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवून घ्यावेत आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मागून घ्यावी.